पिंपळगावची पावती नाशिकला कशी पोचवायची?

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये काट्यावर द्राक्षांच्या क्रेटची पावती फाटते. नाशिकच्या ऑफिसात हिशेबाला बसलेल्यांना ती दहा मिनिटांत दिसायला हवी. दोन्हीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मधे लहरी इंटरनेट.

बहुतेक जण आधी 'शेवटचा बदल' हा वेळेचा रकाना धरतात. दर पाच मिनिटांनी विचारायचं, मागच्या फेरीनंतर काय बदललं? तासाभरात लिहून होतं. पण खोडलेली ओळ यात दिसतच नाही. आमच्याकडे ४२ क्रेटची पावती भलत्याच बागायतदाराच्या नावावर पडली. काट्यावरच्या पोराने ती खोडून नवी केली. नाशिकला दोन्ही राहिल्या, ८४ क्रेट झाले आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू. दुसरी गोम आणखी आतली आहे. पोस्टग्रेसचं वेळ सांगणारं नाऊ() हे फंक्शन ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची, म्हणजे तो पक्का झाल्याची, नाही. १०:०४ ला सुरू होऊन १०:०६ ला कमिट झालेली ओळ १०:०५ च्या फेरीला दिसत नाही आणि १०:१० च्या फेरीच्या लेखी ती जुनी असते. दरवेळी थोडं मागून वाचलं आणि प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) बघून ओळ भरली किंवा बदलली की हे सावरतं. खोडलेल्या पावत्यांसाठी मात्र 'रद्द'चा रकानाच ठेवावा लागतो.

ट्रिगर, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड, खोडणंही पकडतो. पण तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो, म्हणजे तो फसला की पावतीही अडली. मार्चमध्ये काट्यासमोर पिकअपची रांग असताना हा धोका मी घेणार नाही.

माझं मत लॉजिकल रेप्लिकेशनला, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल दुसऱ्यात सतत पोचवण्याच्या सोयीला. पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, ते आतच आहे. डेटाबेस स्वतःसाठी जो लॉग लिहितो, त्यातूनच बदल निघतात, खोडलेल्या ओळींसकट आणि कमिटच्या क्रमाने. त्या लॉगची वॉल-लेव्हल ही सेटिंग 'लॉजिकल' करून एकदा रीस्टार्ट द्यावा लागतो. टेबलांना प्रायमरी की हवी. नवा रकाना आपोआप पलीकडे जात नाही, तो आधी नाशिकला वाढवायचा, मग पिंपळगावला. शिवाय जोडणी नाशिककडून सुरू होते, त्यामुळे पॅकहाऊसला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नसेल तर व्हीपीएन, म्हणजे दोघांमधली खाजगी जोडणी, आलाच.

खरी भीती स्लॉटची, म्हणजे नाशिकने लॉग कुठवर वाचला याच्या पिंपळगावकडच्या नोंदीची. नाशिक 'मिळालं' म्हणेपर्यंत पिंपळगावचा सर्व्हर जुना लॉग टाकून देत नाही. शनिवार-रविवार ऑफिसचं मशीन बंद राहिलं की लॉग साचत जातो, आणि डिस्क भरली की थांबतो तो काटा. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ'ने याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. पहिल्याच दिवशी घाला. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि नाशिकची प्रत नव्याने भरावी लागते. चालेल.

डेबेझियम हा बदल टिपून पुढे पाठवणारा प्रोग्रामही हाच लॉग वाचतो, तेव्हा स्लॉटची कटकट तीच. पलीकडे पोस्टग्रेस नसेल किंवा घेणारे चार-पाच असतील तर तो शोभतो. सहसा तो काफ्का या संदेश वाहून नेणाऱ्या सिस्टिमसोबत चालवतात. एका काट्यासाठी काफ्का सांभाळणारा माणूस पिंपळगावात कुठून आणणार?

आणि मालक आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबरच बघणार असतील, तर यातलं काहीच नको. रात्री पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची अख्खी प्रत, काढा आणि नाशिकला भरा.