थेट आयएसडी डायलिंग: सेवा चोख, घोटाळा शून्याचा

परदेशी फोनसाठी पूर्वी ट्रंक कॉल बुक करून ऑपरेटरच्या उलट फोनची वाट पाहावी लागे. 1956 च्या टॅट-1 या अटलांटिकखालच्या केबलवर सुरुवातीला जेमतेम तीन डझन संभाषणं मावत, त्यामुळे रांग लागणारच. मार्च 1963 मध्ये लंडनहून पॅरिसला आणि 1970 मध्ये न्यूयॉर्कला थेट डायल करता येऊ लागलं.

या सेवेतली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे नंबरांची आखणी. देशाचा कोड एक ते तीन अंकी असतो, पण कोणताही कोड दुसऱ्या कोडच्या सुरुवातीला येत नाही. 9 हा एकटा कोणाचाच कोड नाही, म्हणून 91 वाचलं की एक्स्चेंजला भारत कळतो. 7 मात्र एकट्यानेच पुरतो. देशाचा कोड धरून संपूर्ण नंबर जास्तीत जास्त 15 अंकी. साठच्या दशकात बसवलेली देशांच्या कोडांची ही घडी आजही मोबाइलला पुरते. याला पैकीच्या पैकी गुण.

गुण कापायचे ते बाहेर पडायच्या कोडसाठी, म्हणजे परदेशी नंबराआधी दाबायच्या अंकांसाठी. बहुतेक देशांत 00, अमेरिकेत 011, ऑस्ट्रेलियात 0011. म्हणून मोबाइलमध्ये नंबर कायम + लावूनच सेव्ह करा, तो कोड नेटवर्क आपलं आपण लावतं. साध्या लँडलाइनवर + नसतो, तिथे कोड स्वतः दाबावा लागतो.

सगळ्यात जास्त कॉल फसतात ते शहराच्या कोडआधीच्या शून्यापायी. हा शून्य फक्त देशातल्या देशात लावायचा: लंडनचं 020 बाहेरून +44 20 होतं. इटलीत मात्र उलट. रोमच्या 06 मधला शून्य नंबराचाच भाग आहे, तो गाळला तर कॉल लागत नाही. अर्जेंटिनाच्या मोबाइलला 54 या देशाच्या कोडनंतर 9 घालायचा आणि देशातल्या देशात लावतात तो 15 काढायचा.

नंबर दाबल्यावर काही सेकंद शांतता असते. परदेशी नंबराची लांबी ठरलेली नसल्याने एक्स्चेंज पुढच्या अंकाची वाट पाहत थांबतं. घाईने फोन ठेवू नका. अमेरिकेतून लावताना शेवटी # दाबलं की ही वाट पाहणं संपतं.

आवाजाची तक्रार आता फारशी उरलेली नाही. पूर्वी बरेच कॉल उपग्रहामार्गे जात. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर, त्यामुळे आवाज पोहोचायला पाव सेकंद लागे आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत. 1988 च्या टॅट-8 या फायबर केबलने अटलांटिकपुरता तो त्रास बराच घालवला.

बिलाकडे मात्र लक्ष हवं. 870 आणि 881 हे उपग्रह फोनचे कोड, दर चढे. +1 म्हणजे अमेरिकाच असंही नाही: +1 876 जमैकाचा आहे. अशा अनोळखी नंबरावरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करण्याआधी दर तपासा.