सायझिंग गेलेला कागद आणि जलरंग: रत्नागिरीतला एक हंगाम

ज्यांना नुसता निकाल हवाय त्यांना आधीच सांगून टाकतो: रंग ठीक, ब्रश उत्तम, छंद झकास, कागदाने मात्र डोकं उठवलं. पुढचा बराचसा मजकूर कागदावरच आहे. छटांची चर्चा हवी असेल तर ती इतरांनी भरपूर केली आहे.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, त्यानंतर ब्रश सुटला तो सुटलाच. गेल्या थंडीत पुन्हा धरला. कॅमलच्या स्टुडंट ट्यूब, दहा नंबरचा सिंथेटिक केसांचा गोल ब्रश, पॅलेट म्हणून कपाटातली टवका उडालेली चिनीमातीची ताटली आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त पॅड, एवढाच सरंजाम. त्या पॅडवर आकाश घालायला घेतलं की खाली येईपर्यंत वरची कड वाळून रेघ उमटायची. पुन्हा ब्रश फिरवला की कागदाचे बोंडे निघायचे. मग मुंबईच्या मित्राने आर्श या महागड्या फ्रेंच कागदाच्या शीटचा एक पाव तुकडा दिला. तोच हात, तेच रंग, तेच भाट्याच्या खाडीवरचं आकाश, आणि वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला रंगाचा पातळ थर, वरपासून खालपर्यंत सरळ उतरला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यात ओलं सोडलं. निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसत गेले, तांबूस रंग त्यांच्या कडेकडेने पसरला आणि पावसाआधीचा करडा ढग आपोआप तयार झाला. माझं काम फक्त हात मागे घेण्याचं. जलरंगाचा सगळा आनंद मला तरी या अर्ध्या मिनिटात आहे.

पण आर्शची २२ बाय ३० इंचांची एक शीट घ्यायची म्हणजे आमच्याकडची आठवड्याची भाजी. तिचे आठ तुकडे केले तरी ब्रश टेकवताना हात कापतो, आणि कापऱ्या हाताने जलरंग होत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्ये ऑनलाइन एक देशी पॅड मागवला: ३०० जीएसएम (म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड (म्हणजे किंचित खरखरीत), सीलबंद. किंमत बघून खूश झालो होतो.

पहिल्याच पानावर जांभ्याच्या गडग्याचं चित्र काढलं. बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश दिला आणि बघता बघता त्यात मोहरीएवढे गडद ठिपके उमटले. आधी वाटलं, जांभ्याला शोभतंय. मग आकाशातही तेच. कोरड्या कागदावर बोट फिरवा, उजेडात तिरका धरा, काही दिसत नाही. पाणी लागलं की ठिपके. पूर्ण पॅडभर.

ही सायझिंग गेल्याची खूण. सायझिंग म्हणजे कागदाला दिलेला जिलेटिनचा किंवा तत्सम रसायनाचा थर, त्यामुळे पाणी काही काळ वर तरंगतं आणि आपल्याला रंग हलवायला वेळ मिळतो. दमट हवेत हा थर कुजतो, बुरशी त्याला जागोजागी खाते. तिथे रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो आणि मग कितीही पुसा, निघत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते हे मान्य. पण हा पॅड मी मिळाल्याच्या संध्याकाळीच उघडला होता. पॅकवरचा उत्पादनाचा महिना पाहिला तर दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे निदान एक आख्खा पावसाळा त्याने कुठल्या तरी गोदामात काढलेला.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेला फोन लावला. ती मुलगी बिचारी नम्र होती.

"सर, वापरलेल्या मालाला रिटर्न लागू होत नाही."

"अहो, पण पाणी लावल्याशिवाय हा दोष दिसतच नाही."

"बरोबर आहे सर. तुम्ही सील न उघडलेल्या पॅकचा फोटो पाठवाल का?"

सील न उघडता आतल्या कागदाचा दोष. मी पुन्हा समजावलं. मग एका पानाचा फोटो पाठवला, अर्धं कोरडं, अर्धं ओलं. उत्तर आलं की चित्र छान आहे, पण उत्पादनात दोष आढळत नाही. पुढे तक्रार वर गेली, दोन वेळा आपोआप बंद झाली, दोन्ही वेळा मी पुन्हा उघडली. पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. मिळालं एक कूपन, तेही ठरावीक रकमेच्या पुढच्या खरेदीवरच चालणारं. म्हणजे त्यांची चूक निस्तरायला मीच आणखी पैसे घालायचे.

मग घरगुती उपाय. जुने कागद करणारे जनावरांची कातडी उकळून केलेल्या सरसात तुरटी घालून त्यात कागद बुडवत, हे वाचलेलं होतं. केकच्या सामानाच्या दुकानातून जिलेटिन आणलं, थंड पाण्यात भिजवलं, मंद आचेवर विरघळवलं. उकळी येऊ द्यायची नाही, ताकद जाते. आईने वास घेतला, पुडी वाचायला लावली आणि म्हणाली, "त्या टोपात परत भात शिजणार नाही, सांगून ठेवते." टोप आता माझा. पावसात ते कागद वाळता वाळेनात, वाळले तेव्हा पापडासारखे वळले, आणि ठिपके फिके झाले पण गेले नाहीत.

इथवरचं सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर मत थोडं बदललंय, तेही लिहितो.

कूपन वाया घालवणं जिवावर आलं. कागद मात्र त्यांच्याकडून घ्यायचा नाही असं ठरवल्यामुळे आर्टिस्ट ग्रेडच्या दोन ट्यूब घेतल्या, निळा अल्ट्रामरीन आणि गुलाबी क्विनॅक्रिडोन रोझ. स्टुडंट रंग पुरेसे आहेत असं मी जो भेटेल त्याला सांगत होतो. ते या दोन रंगांपुरतं मागे घेतो. अल्ट्रामरीनचा कण इतका ठळक बसतो की जुन्या ट्यूबमध्ये रंगाऐवजी नुसती भर किती होती ते लक्षात आलं, आणि वाटाण्याएवढा रंग दोन बैठका पुरतो, म्हणजे हिशेबाने महागही पडत नाही. रोझ घ्यायला लागला कारण खिडकीसमोर टांगलेल्या चित्रातली जास्वंद उन्हाळ्याअखेर फिकट पडली होती. तिचा लाल होता अलिझरिन क्रिमसन, आणि तो उन्हात उडतो हे चित्रकारांना जुनंच ठाऊक आहे. ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो; अलिझरिनचा पीआर ८३ दिसला तर भिंतीवरच्या चित्रासाठी घेऊ नका, रोझचा पीव्ही १९ बघा. बाकी पिवळे-तपकिरी स्टुडंटच चालू आहेत आणि चालू राहतील.

ब्रशबद्दल तक्रार शून्य. पाणी थोडं कमी धरतो, पण टोक अजून शाबूत आहे. कोलिन्स्की सेबलची, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांच्या महागड्या ब्रशांची, स्वप्नं ज्यांना पडतात त्यांना पडू देत.

राहता राहिली माध्यमाची खोड. चुकलं तर झाकता येत नाही, पांढरा म्हणजे कागदच, तो आधी राखावा लागतो. याचा वैताग आला की मी सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात, आणि ते चक्क जलरंगात आहे. बोटांच्या फटीतून येणारा तो उजेड बघून धीर येतो की खचतो, हे त्या दिवशीच्या वॉशवर अवलंबून.

आता कागद घेतो तो दुकानात जाऊन, उत्पादनाचा महिना वाचून, आणि शक्यतो जानेवारी ते मे या काळात. एका वेळी पाच-सहा पानांच्या वर नाही. घरी आल्यावर चेनवाल्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट लोखंडी कपाटात. पुड्या बुटांच्या खोक्यांतल्या साठवलेल्या आहेत, विकत घेतलेल्या नाहीत. चित्र सुरू करण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक फराटा ओढून ठिपके येतात का बघतो.

त्या पॅडची बरीच पानं अजून पडून आहेत. शाईच्या पेनाने रेखाटन करायला कागद चांगला आहे, जाड आहे, पेन अडत नाही. रत्नागिरीत कोणाला हवा असेल तर घरी येऊन घेऊन जावा, पैसे नकोत. कुरिअर करणार नाही.