हाडकांचं कुत्रं आणि डीपीवरची कवटी

मी वायरमन. कागदावर पदाचं नाव वेगळं आहे, पण परभणीच्या आजूबाजूच्या ज्या सात-आठ गावांत माझी फिरती असते तिथं सगळे वायरमनच म्हणतात. शेतीची थ्री फेज रात्रीची असली की माझा फोनही रात्रीच वाजतो. मोटार चालू करायला निघालेल्या गड्यांकडून चकव्याच्या अन् पिंपळावरच्या मुंज्याच्या गोष्टी मी पोटभर ऐकल्यात. तेव्हा भुताच्या पुस्तकावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजा.

पुस्तक आहे ‘फनीबोन्स’. इंग्रजी, 1980 सालचं. लिहिलंय अ‍ॅलन अहलबर्ग यांनी, चित्रं त्यांच्या पत्नी जॅनेट यांची. मी जुनी प्रत मागवली. विकणाऱ्यानं ‘नव्यासारखी’ असं लिहिलं होतं. आली ती एका पानाला चिकटपट्टी लावलेली, अन् कोण्या लेकरानं मोठ्या सांगाड्याला निळ्या पेनानं मिशा काढलेली. चिकटपट्टीचा राग आला, मिशा आवडल्या.

तळघरात तिघं राहतात: मोठा सांगाडा, छोटा सांगाडा अन् सांगाड्याचंच कुत्रं. रात्री कोणाला तरी घाबरवू म्हणून बाहेर पडतात, तर सगळं गाव झोपलेलं. काळ्या पानांवर पांढरी हाडं, कॉमिकसारखे चौकोन, तोंडातून निघालेले फुगे. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला वाचता येत नाही, तरी अर्धी गोष्ट ती चित्रांवरूनच सांगते.

मराठीत वाचून दाखवताना पहिली अडचण आली ती अंधाराची. सुरुवातीला टेकडीपासून तळघरापर्यंत प्रत्येक जागेला ‘अंधारी अंधारी’ म्हणायचंय. इंग्रजीत तो शब्द ठक्कन वाजतो, आपला रेंगाळतो. शेवटी माझ्या आईनं पाटावर बसल्या बसल्या सोडवलं: “गुडूप म्हण की.” मग अंधारगुडूप गाव, अंधारगुडूप गल्ली, अंधारगुडूप जिना. जमलं.

तळघर मात्र लेकीला कळंना. त्यालाही आईच. “पेव सांग तिला.” आमच्या जुन्या घरी ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर माघारी फिरायचं, कारण बंद धान्यानं आतली हवा खाल्लेली असते अन् उतरलेला माणूस तिथंच आडवा होतो. आई हे असं सांगते जसं वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगावं. तेव्हापासून आमच्याकडं ते सांगाडे पेवात राहतात.

बायकोचा आधी विरोध होता. “लेकराच्या हातात हाडकं काय देता? रात्री बिचकंल.” मी म्हणलं, चिमणीच्या गोष्टीत कावळ्याचं बूड तव्यावर पोळतं तेव्हा तूच टाळ्या देतीस ना तिला?

पुस्तकाचा जीव आहे कुत्र्यात. बागेत काठीमागं पळताना ते धडपडतं अन् हाडांचा ढीग होऊन पडतं. दोघं गाणं म्हणत म्हणत त्याला जोडतात, पण चुकीचं, अन् मग भुंकणंही उलटं निघतं. इंग्रजीत ‘वूफ’चं ‘फूव’ केलंय. मी ‘भौ’चं ‘औभ’ केलं. लेक चादरीत तोंड खुपसून हसली. आता जेवताना, अंघोळीला, बाहेर खऱ्या कुत्र्यालासुद्धा औभ. या भुतांना स्वतःची हाडं धड लावता येत नाहीत, त्यांना कोण भिणार?

दोष सांगतो. शेवटाकडं ते प्राणिसंग्रहालयात जातात, तिथल्या सांगाड्यांशी खेळतात, तो भाग मला घाईत उरकल्यासारखा वाटला. आठ वर्षांच्या भाच्यानं तर एका बैठकीत निकाल लावला, “मामा, ह्यात भूत कुठंय?” तेव्हा पाच-सहाच्या आतल्या लेकरांसाठीच घ्या.

अन् एक घोळ माझ्या धंद्यातला. आमच्या गल्लीच्या तोंडाला डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर लाल पाटी: 11,000 व्होल्ट, धोका, कवटी अन् दोन आडवी हाडं. पोरीनं ती पाटी पाहिली की माझा हात घट्ट धरावा हे मी तिला दोन वर्षं शिकवलं. परवा दुकानातून येताना ती पाटीसमोर थांबली. हात सोडून जवळ गेली, मान तिरकी करून पाहिलं.

“पप्पा, ह्याचं बाकीचं कुठं पडलं? आपण जोडू की.”

मी तिला उचलून बाजूला घेतलं. म्हणलं, माय, हा त्या तिघांतला नाही. हा जोडला जात नाही.

तिनं घरापर्यंत विचार केला. दारात चप्पल काढताना म्हणाली, “मग ह्याचं पुस्तक कोणी काढलं नाही का?”