आयव्हीएफची इंजेक्शनं: पेन, पावडर की भरलेली सिरिंज?

आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबी उपचाराच्या) सायकलची औषधं घरी आली की पिशवीतून तीन प्रकारचं सामान निघतं: पेन, पावडरच्या कुप्या आणि आधीच भरलेल्या सिरिंज. कोणतं औषध आणि किती, हे एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), सोनोग्राफीत दिसलेले फॉलिकल (बीजाच्या पिशव्या), वय, वजन आणि मागच्या सायकलचा अनुभव बघून डॉक्टर ठरवतात. पण एकच काम करणारी औषधं दोन-तीन रूपांत मिळत असतील, तर 'यातलं मला कोणतं सोपं जाईल' हे विचारायला काहीच हरकत नाही. इथे परीक्षण आहे ते या रूपांचं. कसोटी दोन प्रश्नांची: रात्री दमलेल्या माणसाच्या हातून चूक व्हायला जागा किती आहे, आणि झालीच तर ती लगेच कळते का?

आधी कोण काय करतं ते. दर महिन्याला अंडाशयात अनेक फॉलिकल तयारीला लागतात, त्यातला एक पुढे जातो आणि बाकीचे सुकतात. बाहेरून एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) दिलं की सुकणारेही वाढत राहतात. ते पिकायच्या आधीच शरीराने एलएच (बीज बाहेर पडायला लावणारं संप्रेरक) सोडून बीजं बाहेर टाकू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन, शेवटी बीजं पक्व करायला ट्रिगर आणि नंतर गर्भाशयाच्या अस्तरासाठी प्रोजेस्टेरॉन. १९७८ साली जन्मलेली पहिली आयव्हीएफ मुलगी, लुईस ब्राऊन, उत्तेजक औषधांशिवाय, नैसर्गिक चक्रातल्या एकाच बीजातून झाली होती. आजचा सगळा सुयांचा पसारा एकाऐवजी अधिक बीजं मिळावीत यासाठी आहे.

पेन

गोनल-एफ हे एफएसएचच्या पेनांतलं सर्वांत परिचित नाव. पेन ३००, ४५० आणि ९०० युनिटचं येतं, आणि डोस १२.५ युनिटच्या टप्प्यांनी फिरवून लावता येतो. पहिल्या वापराआधी पेन सुई वर करून धरायचं आणि टोकाशी बारीक थेंब दिसतो का ते बघायचं. नसेल तर माहितीपत्रकात दिलेला छोटा आकडा लावून थेंब येईपर्यंत बटण दाबायचं. मग डोस लावून टोचायचं आणि बटण दाबून धरून किमान ५ सेकंद थांबायचं. आम्ही तर म्हणू, सावकाश दहापर्यंत मोजा. सुई लवकर ओढली की औषध कातडीवर सांडतं. पेनच्या वापरातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

पेन पहिल्या क्रमांकावर येतं ते त्याच्या खिडकीमुळे. टोचून झाल्यावर तिथे शून्य दिसलं पाहिजे. समजा डोस २२५ आहे आणि पेन ३०० चं. पहिल्या दिवशी २२५ गेले, ७५ उरले. दुसऱ्या दिवशी २२५ लावून दाबलं तर बटण मध्येच अडतं आणि खिडकीत १५० दिसतं. याचा अर्थ १५० गेले असा नाही, १५० द्यायचे राहिले. नवीन पेनवर १५० लावायचे आणि दुसऱ्यांदा टोचायचं. हा आकडा उलटा वाचणारे बरेच असतात. रोज २२५ असेल तर ९०० च्या पेनमध्ये बरोबर चार डोस बसतात आणि ही वजाबाकीच टळते, म्हणून शक्य असेल तर पेनचा आकार डोस बघून मागून घ्या. शेवटच्या डोसनंतर आत थोडं औषध दिसतं. ते हवा काढण्यासाठी जास्तीचं भरलेलं असतं, सिरिंजने ओढून साठवू नका.

सुई दर वेळी नवी. जुनी सुई लावून पेन ठेवलं तर औषध गळतं, हवा आत जाते आणि पुढचा डोस कमी पडतो. एकदा वापरायला काढलेलं पेन २८ दिवसांत संपवायचं.

रेकोव्हेल या एफएसएचच्याच औषधाचं पेनही हाताला चांगलं, पण त्याचा हिशोब वेगळा आहे. डोस एएमएच आणि वजनावरून मायक्रोग्रॅममध्ये ठरतो, युनिटमध्ये नाही. 'मैत्रिणीला २२५ होते, मला १२ च का?' ही काळजी व्यर्थ आहे, कारण ते आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतातच.

पावडरच्या कुप्या

मेनोप्युअर आणि एचएमजीची इतर इंजेक्शनं या वर्गातली. एका कुपीत ७५ युनिट एफएसएच आणि तेवढीच एलएचची क्रिया असते. हे औषध रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून काढतात. विसाव्या शतकाच्या मध्यात त्यासाठी इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध नन्सचं मूत्र गोळा केलं जाई. कल्पना विचित्र वाटेल, पण रजोनिवृत्तीनंतर हे संप्रेरक शरीरात भरपूर असतं आणि मठात एका ठिकाणी तशा अनेक जणी भेटत.

गुण औषधाला चांगले, मांडणीला मात्र कमी, कारण पायऱ्या खूप. हात धुवा, रबराचं बूच स्पिरिटने पुसा, १ मिली द्रावक (पावडर विरघळवायचं पाणी) सिरिंजमध्ये ओढा, पावडरच्या कुपीत हळू सोडा, कुपी बोटांत धरून गोल फिरवा. हलवून खळखळवू नका. हे प्रथिन आहे, फेस येतो, आणि फेसातून नेमकं माप ओढता येत नाही. दोन-तीन कुप्या असतील तर पहिल्या कुपीतलं द्रावण ओढून दुसरीत सोडायचं, पुन्हा पाणी घालायचं नाही. एका मिलीत किती कुप्या विरघळवायच्या ते पत्रकात लिहिलेलं असतं. ओढताना कुपी उलटी धरा आणि सुईचं टोक द्रवाच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर नुसती हवा येते. मग सुई बदला. जाड सुईने मिसळायचं, बारीकने टोचायचं. तीच जाड सुई पोटात घातली तर दुखतंच.

द्रावक काचेच्या अँप्यूलमध्ये असेल तर ठिपका स्वतःकडे ठेवून मान पलीकडे मोडा, कापसाने धरून. आणि इथली खरी घोडचूक म्हणजे पावडर न मिसळता नुसतं पाणी टोचणं. पेनच्या खिडकीसारखा इथे सांगणारा कोणी नाही. म्हणून टोचून झाल्यावर रिकाम्या कुप्या ट्रेमध्येच ठेवून मोजा आणि मगच टाका. जळजळ पेनपेक्षा जास्त होते. द्रावण फ्रीजमधल्यासारखं गार नसेल आणि दट्ट्या सावकाश दाबला तर जरा कमी होते.

एलएच रोखणारी इंजेक्शनं

उत्तेजन सुरू होऊन पाच-सहा दिवस झाले की सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स सुरू होतं, दोन्ही रोज ०.२५ मिलीग्रॅम. सेट्रोटाईडच्या (सेट्रोरेलिक्सचं एक ब्रँड) पाकिटात पावडर, पाण्याची भरलेली सिरिंज आणि दोन सुया असतात: पिवळी मिसळायला, करडी टोचायला. रंग लक्षात ठेवलेत की अर्धं काम झालं. गॅनिरेलिक्स तयार सिरिंजमध्येच येतं, त्यामुळे वापरायला उजवं. त्यातला छोटा बुडबुडा काढत बसू नका, औषध सांडेल. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र सुईच्या टोपणाबद्दल फार्मासिस्टला विचारावं. दोन्हींनी टोचल्या जागी लाल चकंदळ उठतं, खाज येते आणि बहुधा काही तासांत बसतं. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. ही औषधं वेळेच्या बाबतीत काटेकोर आहेत, रोज ठरलेल्याच तासाला. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, आत्ताच क्लिनिकला फोन करा.

जुन्या लाँग प्रोटोकॉलमधलं (उत्तेजनाच्या आधीपासूनच एलएच दाबून ठेवायची पद्धत) ल्युप्रोलाईड इन्सुलिनच्या सिरिंजने देतात आणि तिथे 'युनिट' शब्द घात करतो. त्या सिरिंजवरचे १०० युनिट म्हणजे १ मिली, फक्त आकारमान. ५ मिलीग्रॅम प्रति मिली औषधाचे २० युनिट म्हणजे ०.२ मिली, १ मिलीग्रॅम. एफएसएचच्या युनिटशी याचं काही नातं नाही.

ट्रिगर

एकाच सुईवर आधीचे सगळे दिवस अवलंबून असतात, त्यामुळे आमच्या मते इथे तयार सिरिंज किंवा पेनच हवं. ओव्हिट्रेलमध्ये २५० मायक्रोग्रॅम एचसीजी (एलएचसारखं काम करणारं गर्भारपणातलं संप्रेरक) ०.५ मिलीत भरलेलं मिळतं. एचसीजी ५००० किंवा १०००० युनिटच्या पावडरमध्येही येतं. काम तेच, पण रात्री अकराला घाबरत मिसळण्याची वेळ येते, आणि नुसतं पाणी टोचलं जाण्याचा धोका इथे सर्वांत महाग पडतो.

बीजं काढण्याच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी ट्रिगर देतात. बुधवारी सकाळी नऊचं काम ३६ तासांच्या हिशोबाने ठरलं असेल तर सुई सोमवारी रात्री नऊला, मंगळवारी नाही. 'आदल्या रात्री' असा घोळ होतो, म्हणून वार, तारीख आणि वेळ लिहून घ्या. सुई उशिरा टोचली तर लपवू नका, खरी वेळ कळवा. बीजं काढण्याची वेळ पुढे सरकवता येते, गेलेली वेळ परत येत नाही. एचसीजी खरंच आत गेलं का अशी शंका असेल तर दुसऱ्या दिवशी रक्तात ते मोजता येतं. याच कारणाने घरची प्रेग्नन्सी टेस्टही पुढचे १० ते १४ दिवस खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकते. फॉलिकल फार झाले असतील तर डॉक्टर एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट ट्रिगर (शरीराला स्वतःचं एलएच सोडायला लावणारं औषध) देतात, त्याने अंडाशयाच्या अतिउत्तेजनाचा धोका कमी होतो. त्या ट्रिगरला एचसीजीची तपासणी लागू पडत नाही.

पोट फुगणं थोडंफार होतंच. पण दिवसाला किलोभर वजन वाढणं, सारखी उलटी, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करायचा.

वरची बहुतेक इंजेक्शनं बेंबीपासून पाचेक सेंटीमीटर दूर, पोटाच्या चरबीत देतात, रोज बाजू बदलून. स्पिरिट वाळू द्या, ओलं असताना टोचलं तर चुरचुरतं. चिमटीत कातडी उचला, सुई सरळ घाला. रक्ताचा थेंब आला तर दाबा, चोळू नका. फ्रीजमध्ये ठेवायची औषधं दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलेलं औषध वितळून दिसायला ठीक वाटलं तरी टाकून द्यायचं.

प्रोजेस्टेरॉनचं तेल

सगळ्यांत कमी गुण यालाच. ५० मिलीग्रॅम प्रति मिली, तिळाच्या किंवा दुसऱ्या तेलात, रोज नितंबाच्या स्नायूत. तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेल कोणतं ते लेबलवर आधी बघा. ओढायला १८ नंबरची जाड सुई, टोचायला २२ नंबरची दीड इंची. तेल घट्ट असतं, गार असेल तर दट्ट्या हलतच नाही, म्हणून कुपी काही मिनिटं मुठीत धरा. टोचल्यावर जागा चोळा, कोमट शेक द्या, नाहीतर गाठी बसतात. गर्भ राहिला तर वार (प्लॅसेंटा) स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागेपर्यंत, बहुधा आठ-दहा आठवडे, हे चालतं आणि मनाने थांबवायचं नसतं. योनिमार्गाने द्यायची जेल-कॅप्सूल आणि कातडीखाली द्यायचं पाण्यातलं प्रोजेस्टेरॉन हे पर्याय आहेत, आपल्या सायकलला चालतील का ते विचारून ठेवा. तेलच घ्यायचं ठरलं तर स्वतःचा हात मागे नीट पोचत नाही, दुसरं माणूस लागतं. पहिल्या दिवशी नर्सकडून दोन्ही बाजूंना वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात मार्करने गोल काढून घ्या. पायाकडे जाणारी मोठी नस (सायटिक) त्याच्या आतल्या आणि खालच्या बाजूने जाते, आणि चड्डीची कड बघून अंदाजाने टोचणाऱ्याला ती कुठे आहे हे कळत नाही.