लायका एम३ की निकॉन एफएम२? तोंडात झाकण धरलेल्या माणसाचं मत

रोलवर फोटो काढणारी तीन माणसं चहाला बसली की ‘आजवरचा सगळ्यात थोर कॅमेरा कोणता’ हा वाद निघतोच. रोलायफ्लेक्सवाला भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचा दाखला देऊन मोकळा होतो, त्याच्याशी कोणी भांडत नाही. खरी जुंपते ती लायका आणि निकॉनवाल्यांत. वादापुरता वाद ठीक आहे, पण तुम्ही खरोखरच पैसे घालून यातला एक घेणार असाल, तर माझा अनुभव ऐका. मामाचा एम३ दीड वर्ष माझ्याकडे होता आणि एफएम२ माझा स्वतःचा आहे.

आधी एम३चं देणं देऊन टाकतो. १९५४ साली आलेल्या या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी, डोळ्याला लावला की पुढचे काही दिवस दुसरं आवडत नाही. तो ०.९१ पटीचा आहे, म्हणजे जग जवळपास आहे तेवढंच दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर ५० मिमीच्या भिंगात किती दृश्य येईल ते दाखवणारी चौकट हवेत तरंगतेय असं वाटतं. शिवाय आत आरसा नाही. एफएम२मध्ये भिंगातलं चित्र आरशावरून डोळ्यापर्यंत येतं. त्यामुळे तिथे ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही, कारण आरसा वर गेलेला असतो. एम३मध्ये समोरच्याने डोळे मिटले तर ते तिथल्या तिथे कळतं. आवाजही इतका हळू की देवळाच्या गाभाऱ्यात कोणी मान वळवून बघत नाही. एफएम२ मात्र खटाक् करून आपण आल्याची वर्दी देतो.

मग मी एफएम२ का ठेवला? रोल भरण्यामुळे.

एम३ला मागून उघडणारं दार नाही. तळाचं झाकण पूर्ण निघून हातात येतं. मग आतला स्पूल काढायचा, फिल्मची जीभ त्यात अडकवायची, दोन्ही एकदम आत सरकवायची, मागची छोटी खिडकी उघडून फिल्मच्या भोकांत दाते बसलेत का ते बघायचं. घरी टेबलावर हे सगळं छान जमतं, थोडं पूजेसारखंही वाटतं. पण मी होतो जेजुरीत, सोमवती अमावस्येला. पालखी कऱ्हा नदीच्या वाटेला लागलेली, चहूकडे भंडाऱ्याचा पिवळा धुरळा आणि माझा रोल संपलेला. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात स्पूल, मग झाकण कुठे ठेवणार? तोंडात. त्या झाकणावर बसलेला भंडारा जिभेवर, मागून रेटारेटी, ‘येळकोट येळकोट’च्या गजराला साथ द्यायची सोय नाही, आणि फिल्मची जीभ स्पूलमधून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा पालखी पुढे गेली होती.

दोष हातांचा म्हणा हवं तर. ज्यांनी आयुष्यभर हाच कॅमेरा वापरला ते चालता चालता रोल बदलतात, हे मी पाहिलंय. पण तो सराव करायला रोल लागतात, आणि आताच्या भावात ते मला परवडत नाहीत. निकॉनवाल्यांनीही फार हसू नये. १९५९च्या निकॉन एफचीही पाठ तळासकट निघून हातातच यायची. एफएम२चं दार बिजागरीवर उघडतं आणि तिथेच लटकून राहतं. एवढीशी गोष्ट, पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

बाकी गोष्टी थोडक्यात. १९८२ साली आलेला एफएम२ १/४००० सेकंदापर्यंत जातो, म्हणून भर दुपारीही भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवता येतं. एम३ १/१०००वर थांबतो. एफएम२ला उजेड मोजणारा मीटर आहे आणि त्यातला सेल संपला तरी शटर चालूच राहतं. एम३मध्ये मीटरच नाही. गर्दीत जास्त दृश्य मावणारं ३५ मिमीचं भिंग वापरायची सवय असेल तर एम३मध्ये त्याची चौकट नाही, व्ह्यूफाइंडरपुढे येणारा ‘चष्मा’ लावलेलं खास भिंग शोधावं लागतं. याउलट संध्याकाळच्या अंधुक उजेडात फोकस करायला एम३ माझ्या डोळ्यांना जास्त सोपा गेला, हे कबूल करायलाच हवं. आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी एफएम२ आधी हाताळून घ्यावा. मीटर चालू करायला खटका बाहेर ओढावा लागतो, तो थेट कपाळाला टोचतो.

जुना घेताना एम३च्या व्ह्यूफाइंडरमधून उजेडाकडे बघा. आतल्या काचांचा डिंक सुटला असेल तर चित्र काळपट दिसतं आणि ती दुरुस्ती खिशाला झेपत नाही. एफएम२च्या दाराकडचा फोम चिकट झालेला असणारच, तो स्वस्तात बदलून मिळतो. मात्र फार जुनं, एआय (भिंगाचं छिद्र मीटरला कळवणारी निकॉनची सोय) नसलेलं निकॉनचं भिंग त्यावर चढवू नका.

घराण्यात एम३ आधीच असेल तर विकू नका, विकलात तर रडाल. नव्याने पैसे घालणार असाल तर माझं बोट, थोडं संकोचून का होईना, एफएम२कडे जातं. उरलेल्या पैशांत एक चांगलं भिंग आणि वर्षभराचे रोल येतील.

मामाला एम३ परत दिला तेव्हा तळाच्या झाकणाच्या खाचेत थोडा भंडारा अजून होता. मी ओशाळलो. त्याने बोटाने तो काढला आणि कपाळाला लावला.