पिरेअसचा ‘मेट्रोचा संप’ आणि आमचे १५० युरो

१५० युरो गेले त्याचं आता तेवढं काही वाटत नाही, पण ज्या मुकाट्याने आम्ही ते काढून दिले ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. क्रूझवर असताना जहाजाची टूर न घेता आपापलं मेट्रोने फिरायचा बेत असेल तर वाचा. बेत सोडू नका, बेत चांगलाच असतो. आमचाही चांगलाच होता.

मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं होतो. एक दिवस अथेन्स. म्हणजे जहाज काही अथेन्सला जात नाही, ते लागतं पिरेअस बंदरात आणि तिथून अ‍ॅक्रोपोलिस (टेकडीवरचं प्राचीन देवळांचं ठिकाण) साधारण दहा किलोमीटर. सकाळी ७ ला जहाज लागणार, संध्याकाळी ५ ला सुटणार, सगळ्यांनी ४:३० च्या आत परत यायचं. जहाजाच्या टूरचा तिघांचा आकडा बघून नवऱ्याने लॅपटॉपच मिटला.

मग मी बसून अभ्यास केला. पिरेअसहून शहरात जायला मेट्रोच्या दोन लाइनी आहेत. एक हिरवी, ती मूळची १८६९ सालची रेल्वे, आणि दुसरी निळी, लाइन ३, जी ऑक्टोबर २०२२ मध्ये पिरेअसपर्यंत आली. निळीचं दिमोतिको थेआत्रो हे स्टेशन क्रूझच्या बाजूने जास्त जवळ, तरी वीस-पंचवीस मिनिटं चाल आहेच. तिकीट १.२० युरो, ९० मिनिटं चालतं, मध्ये लाइन बदलली तरी तेच. सिन्टाग्माला उतरून लाल लाइन पकडायची, पुढचंच स्टेशन अक्रोपोली. सीझनमध्ये एक्स ८० नावाची एक्सप्रेस बससुद्धा असते, क्रूझ टर्मिनलपासून अ‍ॅक्रोपोलिसकडे जाणारी. हे सगळं मी वहीच्या पानावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. अ‍ॅक्रोपोलिसला २०२३ पासून वेळेचे स्लॉट आहेत, तर १० चा स्लॉटही घरूनच बुक केलेला. एवढी तयारी करून माणूस फसतो का? फसतो.

सव्वाआठला आम्ही टर्मिनलच्या बाहेर पडलो. गेटच्या बाहेर टॅक्सीवाले ओरडत असतात त्यांना आम्ही बरोबर चुकवलं, मान खाली, नो थँक यू, नो थँक यू. त्यांच्या पुढे पन्नासेक पावलांवर एक माणूस उभा होता, तो ओरडत नव्हता. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, गळ्यात निळ्या पट्ट्यात अडकवलेलं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र. आता आठवतं की ते कार्ड पूर्ण वेळ उलटं होतं, मागची कोरी बाजूच दिसत होती, पण तेव्हा डोक्यात एवढंच आलं की हा बंदराचा माणूस असणार. त्याने काही विकायला काढलंच नाही. फक्त विचारलं, ‘मेट्रो?’ मी हो म्हटलं. तर चेहरा पाडून म्हणाला, ‘मेट्रो नो टुडे. स्ट्राइक.’

आणि मोबाइल काढून फोटो दाखवला. स्टेशनचं बंद शटर आणि त्यावर ग्रीकमध्ये काहीतरी लिहिलेला कागद चिकटवलेला. आम्हाला ग्रीक कुठे येतंय, तिथे किराणा दुकानाची यादी असती तरी आम्ही मान हलवली असती.

यातली चलाखी अशी की हे खोटं अगदीच हवेतलं नव्हतं. ग्रीसमध्ये वाहतुकीचे संप होतात, खरंच होतात, कधी पूर्ण २४ तासांचे तर कधी दिवसातले ठरावीक तासच. मी ते वाचलेलं होतं. म्हणजे माझ्याच अभ्यासाने मला गोत्यात आणलं, कारण तो ‘संप’ म्हणाल्यावर मला वाटलं, हां, हे होऊ शकतं असं लिहिलेलंच होतं. काहीच वाचलं नसतं तर निदान स्टेशनपर्यंत जाऊन बघून आलो असतो.

‘आई, चालाल ना थोडं? स्टेशनवर जाऊन बघू या,’ असं मी म्हटलंसुद्धा. त्यांचा गुडघा दुखतो. त्या म्हणाल्या, ‘मी चालेन गं, पण बंदच असलं तर परत एवढंच उलटं चालायचं ना?’ तो माणूस मराठी समजत नसेल, पण गुडघ्यावरचा हात त्याने बरोबर बघितला. म्हणाला, बस पण नाही, सगळं बंद, माझ्या ओळखीचा टॅक्सीवाला आहे, वीस युरोत सोडेल. आणि वीस हा आकडा बघा, तोही नीट विचार करून सांगितलेला. मीटरने तेवढ्या अंतराचे वीस-पंचवीस होतात हे मी वाचलं होतं. साठ म्हणाला असता तर आम्ही सरळ चालू पडलो असतो.

टॅक्सी पिवळीच होती, वर पाटी होती, सगळं रीतसर. नवऱ्याने बसायच्या आधी विचारलं, ‘ट्वेंटी टोटल?’ ड्रायव्हर म्हणाला, ‘ने, ने.’ ग्रीकमध्ये ने म्हणजे हो, हे मी मोठ्या शहाणपणाने नवऱ्याला सांगितलं. सासूबाई मागून म्हणाल्या, ‘ने म्हणतोय तर नेऊ दे की.’ आम्ही हसलो वगैरे. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

मीटरवर त्याने स्वतःची टोपी अडकवली होती. सहज ठेवल्यासारखी. मी बघितली आणि काही बोलले नाही, कारण रक्कम ठरली होती ना. (अथेन्समध्ये भाडं मीटरनेच घ्यायचं असतं, दिवसा शहरात मीटरवर १ नंबरचा दर दिसायला हवा, २ नंबरचा दर रात्री बारा ते पाच किंवा शहराबाहेर. आणि भाडं टॅक्सीचं असतं, माणशी नसतं. पावती मागितली की द्यावी लागते. हे सगळं मला नंतर कळलं असं मी म्हणणार नाही, मला तेव्हाच माहीत होतं. विचारायचा धीर झाला नाही, एवढंच.)

मग वाटेत सुरू झालं. अ‍ॅक्रोपोलिसला आत्ता फार गर्दी आहे, पाच जहाजं लागलीत, आधी तुम्हाला स्टेडियम दाखवतो. आम्ही म्हटलं आमचा १० चा स्लॉट आहे. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम, फाइव्ह मिनिट. आणि नेलंच. १८९६ चं ऑलिम्पिक जिथे झालं ते संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियम, सुंदर आहे, आम्ही रस्त्यावरूनच बघितलं, नवऱ्याने फोटो काढले. पाच मिनिटांची पंधरा झाली, कारण ड्रायव्हर कोणाशी तरी फोनवर बोलत लांब उभा होता आणि गाडी लॉक होती. मग पार्लमेंटसमोरून एक चक्कर, मग कुठल्याशा टेकडीचा रस्ता, मग ट्रॅफिक. मी घड्याळ बघत होते, दहाला पाच कमी, दहा, दहा वाजून दहा.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने आम्हाला खालच्या रस्त्यावर उतरवलं आणि हिशोब सांगितला. वीस माणशी, म्हणजे साठ. सिटी टूरचे तीस. नवरा चिडला, टोटल ठरलं होतं म्हणाला. तो अजिबात चिडला नाही. अगदी शांतपणे म्हणाला की संप आहे, दुपारी परत जायला एकही टॅक्सी मिळणार नाही, तुमचं जहाज पाचला आहे ना, मी दीड वाजता इथेच येतो, परतीचे साठ आत्ताच द्या म्हणजे दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही.

जहाज चुकायच्या भीतीचं नीट सांगते, कारण आम्ही पैसे त्या भीतीपोटीच दिले. जहाजाची स्वतःची टूर उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. आपण आपले गेलो असू तर थांबत नाही, सुटून जातं, आणि पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. आमचा पुढचा थांबा होता तुर्कस्तानातलं कुशादासी, दुसरा देश, दुसरा व्हिसा, हातात भारतीय पासपोर्ट. त्या ड्रायव्हरला यातलं काही माहीत नसेल, पण ‘शिप’ आणि ‘लेट’ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की प्रवाशाचा चेहरा कसा होतो हे त्याला पक्कं माहीत होतं. वरून स्लॉट टळत होता. म्हणजे उशीर त्यानेच केला आणि त्याच उशिराच्या घाईत आमच्याकडून पैसेही त्यानेच काढले. नवऱ्याने पन्नासच्या तीन नोटा दिल्या. पावती नाही, फोन नंबर नाही, गाडीचा फोटो नाही. तो हसून ‘ने, ने, वन थर्टी’ म्हणाला आणि गेला.

गेटवर मी हातापाया पडल्यासारखं बोलले आणि आम्हाला आत सोडलं. वरचं वर्णन करत बसत नाही. सासूबाई अर्ध्यातच सावली बघून बसल्या, नवरा रागात असल्यामुळे पार्थेनॉनकडे, म्हणजे तिथल्या मुख्य देवळाकडे पण रागानेच बघत होता.

दीडला आम्ही ठरल्या जागी. पावणेदोन. दोन. सव्वादोन. उन्हाने डोकं फुटायची वेळ आली, पाणी संपलं, सासूबाई कठड्यावर पदराने वारा घेत बसलेल्या. तो आमच्या हातावर तुरी देऊन गेलाय हे तिघांनाही कळलं होतं पण बोलायचं कोणी? शेवटी मी कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून पाणी घ्यायला गेले आणि दुकानदार बाईंना विचारलं, संप किती वाजता संपेल? त्यांना कळेना. ‘मेट्रो? स्ट्राइक?’ त्यांनी माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने बघितलं आणि रस्त्याच्या पलीकडे बोट केलं. त्या बोटाच्या दिशेने लोक जिन्याने खाली उतरत होते. अक्रोपोली स्टेशन. आम्ही पाऊण तास उभे होतो तिथून चालत तीन-चार मिनिटांवर.

तीन तिकिटं, ३.६० युरो. मशीन इंग्रजी बोलतं. तिकीट आत जाताना गेटला टेकवायचं, तसंच बाहेर पडताना पण, म्हणून फेकून देऊ नका. सिन्टाग्माला बदललं, तिथून निळीने दिमोतिको थेआत्रो वीसेक मिनिटं. गाडीत एसी, सासूबाईंना बसायला जागा. समोरच्या सीटवर आमच्याच जहाजाचं कार्ड गळ्यात घातलेलं एक जोडपं होतं. सकाळी कसे आलात, विचारलं मी. अर्थातच मेट्रोने. त्यांनाही तो फोटोवाला भेटला होता, पण त्यांनी त्याला नुसतं ‘ओके’ म्हटलं आणि न थांबता चालत राहिले. एवढंच. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला, बोगद्यात.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, रस्त्यावरचा कोणीही संप, बंद, गर्दी, ‘आज उघडं नाही’ असं सांगायला लागला की त्याचं ऐकून निर्णय घेऊ नका, चौकशी टर्मिनलच्या आतच करून घ्या किंवा जहाज सोडायच्या आधी रिसेप्शनला विचारा. खरा संप असेल तर तो त्यांना आदल्या दिवशीच माहीत असतो. अ‍ॅक्रोपोलिसचंही तसंच, अलीकडच्या काही उन्हाळ्यांत फार तापलं की भर दुपारी ते काही तास खरंच बंद ठेवलंय, म्हणून ‘क्लोज्ड’ म्हणणारा दरवेळी खोटाच असेल असं नाही, पण ते त्याच्याकडून कशाला कळून घ्यायचं. टॅक्सी करायचीच झाली तर मीटर दिसला पाहिजे, आणि बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो, लाज न बाळगता, त्याच्यासमोर. परतीचे पैसे आगाऊ कोणालाही नाही. हिरव्या लाइनीत पाकीटमार फार, बॅग पोटाशी धरा. टुरिस्ट पोलिसांचा नंबर १५७१ आहे. आम्ही फोन केला नाही, कारण सांगणार काय? स्टेडियमच्या एका फोटोत कोपऱ्यात ती टॅक्सी आलीय, नंबरातले शेवटचे दोन आकडे दिसतात, बाकी नवऱ्याचा अंगठा.

साडेतीनच्या सुमाराला आम्ही बंदरावर पोचलो, म्हणजे तासभर हातात होता. दुपारी दुसरं एक जहाज लागलं होतं आणि गेटपासून पन्नास पावलांवर तोच पांढरा शर्ट, तेच उलटं कार्ड, एका म्हाताऱ्या जोडप्याला मोबाइल दाखवत होता. नवरा तरातरा गेला, मी मागे. ‘मेट्रो इज रनिंग, वुई केम बाय मेट्रो,’ असं ओरडून त्याने तिन्ही तिकिटं त्यांच्यापुढे धरली. तो माणूस एक शब्द न बोलता मोबाइल खिशात टाकून निघून गेला. आम्हाला वाटलं आता आभार मानतील. तर त्या बाईंनी घामाघूम झालेल्या, तावातावाने बोलणाऱ्या आमच्या तिघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पर्स पुढे घेऊन छातीशी धरली, स्वतःच्या नवऱ्याचा दंड पकडला आणि ‘नो थँक यू’ म्हणून दोघं मान खाली घालून चालू पडले. स्टेशनच्या दिशेने.