वक्र डेकवर स्क्रीन प्रिंटिंग : लवचीक फ्रेमच्या संचाचे परीक्षण

स्केटबोर्डचा डेक, म्हणजे उभे राहायची फळी, उलटा करून टेबलावर ठेवला, की तो दोन दिशांनी वाकलेला आहे हे स्पष्ट दिसते. पायांना पकड मिळावी म्हणून वरच्या बाजूला रुंदीच्या दिशेने दिलेला खोलगटपणा खालच्या बाजूला, म्हणजे जिथे चित्र छापायचे तिथेच, उंचवटा होऊन येतो आणि नोज व टेल ही दोन्ही टोके टेबलाकडे उतरतात. नेहमीच्या कडक फ्रेमची स्क्रीन, म्हणजे जिच्यातून शाई दाबून चित्र छापतात ती चौकटीवर ताणलेली जाळी, अशा फळीवर टेकवली, तर ती मधल्या अरुंद पट्ट्यापलीकडे पोचत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी बनवलेला लवचीक फ्रेमचा एक संच मी तीन महिने वापरला आणि त्यावर 40 डेक छापले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या घडणीविषयी आहे.

घडण साधी आहे. पॉलिएस्टरची जाळी फक्त दोन आखूड दांड्यांवर, म्हणजे नोज आणि टेलच्या बाजूंना, ताणून चिकटवलेली आहे. लांब बाजूंना लाकडी चौकटीऐवजी स्टीलच्या पातळ पट्ट्या आहेत आणि त्या हाताने दाबल्या की कमानीसारख्या वाकतात. त्यामुळे स्क्रीन खाली दाबली की ती मधल्या सपाट भागावर आणि दोन्ही उतारांवर व्यवस्थित बसते, आणि दाब काढला की टोकांच्या स्प्रिंगांमुळे वर उचलली जाते. हे काम संच उत्तम करतो. सपाट छपाईत जाळी आणि वस्तू यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात, म्हणजे स्क्वीजी (शाई जाळीतून दाबत ओढायची रबरी धारेची पट्टी) पुढे सरकताच मागची जाळी सुटते आणि छाप स्वच्छ उमटते. इथे उतारांवर ती फट जवळजवळ राहत नाही, जाळी उशिरा सुटते आणि शाईचे प्रमाण थोडे जरी चुकले तरी टेलजवळ रेषांना दुहेरी कड येते. पहिल्या सहा डेकवर मला ती आली; स्प्रिंगा एक आटा घट्ट केल्यावर थांबली.

लांबीचा वाक असा सुटला, तरी रुंदीचा उंचवटा शिल्लक राहतो, आणि या संचाची खरी उणीव तिथे आहे. कागद नळीवर गुंडाळता येतो, चेंडूवर येत नाही; जाळीचेही तसेच आहे, आणि जिथे डेक दोन्ही दिशांना वाकलेला असतो तिथे जाळीला कडेपर्यंत पोचवण्याचे काम स्क्वीजीलाच करावे लागते. माझ्याकडच्या डेकचा मध्य आणि कडा यांच्या उंचीत 9 मिलिमीटरचा फरक भरला. संचासोबत आलेल्या स्क्वीजीचे रबर मात्र सरळ धारेचे आणि 75 शोर कडकपणाचे आहे. अशा स्क्वीजीने ओढले, तर मधोमध शाईचा थर जाड बसतो आणि कडा कोऱ्या राहतात. कडांसाठी जोर वाढवला, तर मधली शाई रेषांबाहेर पसरते. शेवटी मी डेकच्या मध्याचा आडवा आकार पुठ्ठ्यावर उतरवला, त्याप्रमाणे 60 शोरच्या मऊ रबराची धार आत वळलेली कापून घेतली आणि ती स्क्वीजी लाकडी मुठीत बसवली. त्यानंतर एका ओढीत कडेपासून कडेपर्यंत सलग भरीव रंग मिळू लागला. उताराकडे खोलगटपणा कमी होत जातो, त्यामुळे तिथे तीच धार थोडी जास्त वळलेली पडते. पण मऊ रबर तेवढे सांभाळून घेते. ज्या वस्तूवर सगळे काम अवलंबून आहे तीच ग्राहकाने कापून घ्यायची, हे मला पटलेले नाही. निदान दोन-तीन वळणांची तयार रबरे संचात असायला हवी होती.

माहितीपत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट, ज्या पारदर्शक फिल्मवरून चित्र स्क्रीनवर उतरवतात ती काढण्यापूर्वीच लक्षात घ्यायला हवी. चित्र डेकच्या वरून दिसणाऱ्या आकारावर बेतले, तर ते आखूड पडते. 175 मिलिमीटर लांबीचे टेल 20 अंशांनी उतरत असेल, तर वरून पाहताना ते सुमारे 164 मिलिमीटरच दिसते, म्हणजे एका टोकालाच जवळपास एक सेंटिमीटरचा फरक. म्हणून शिंप्याची टेप डेकच्या पृष्ठावर चिकटून धरून नोजपासून टेलपर्यंतची लांबी मोजावी आणि चित्र त्या मापावर मांडावे. मी हे तिसऱ्या डिझाइनला शिकलो. तोवर दोन स्क्रीन वाया गेल्या होत्या.

रंग जुळवण्याची सोय मात्र मला या संचातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली. डेकला ट्रक, म्हणजे चाके धरणारे धातूचे आस, बसवण्यासाठी आठ भोके असतात आणि डेक ज्यावर ठेवायचा त्या तळपाटावरच्या पिना त्याच भोकांत बसतात, त्यामुळे दुसऱ्या रंगासाठी डेक पुन्हा ठेवला तरी तो जागचा हलत नाही. भोकांच्या दोन प्रचलित मांडण्यांत रुंदी सारखीच, 1⅝ इंच, असते. लांबी जुन्या मांडणीत 2½ इंच आणि नव्या मांडणीत 2⅛ इंच असते. तळपाटात खाचा असल्यामुळे दोन्ही मांडण्यांचे डेक चालतात. पिना डेकच्या जाडीपेक्षा आखूड ठेवल्या आहेत, हेही योग्यच. पीन वर आली असती तर पहिल्याच ओढीत जाळी फाटली असती. भोकांच्या काठाला शाईचे जे कडे उमटते, ते ट्रकच्या तळपट्टीखाली झाकले जाते. वेगवेगळ्या कारखान्यांचे डेक घेतले, तर भोके आणि टोके यांतील अंतर बदलते आणि चित्र नोजकडे किंवा टेलकडे सरकलेले दिसते. त्याला संचाचा इलाज नाही.

शाईबद्दल थोडक्यात सांगतो. संचातली एकाच डब्यातली शाई मेपलच्या लाकडावर सुंदर दिसली, पण नखाने खरवडताच निघाली. दोन घटकांची इपॉक्सी शाई घेतल्यावर ती टिकली. ती मिसळल्यावर काही तासांतच वापरावी लागते, म्हणून एका वेळी थोडीच मिसळावी. रंगवलेल्या व्हिनीअरवर, म्हणजे लाकडाच्या पातळ थरावर, आधी पांढरा थर द्यावाच लागतो.

जाळी सेंटिमीटरला 61 धाग्यांची आहे. भरीव रंग, जाड रेषा आणि मोठी अक्षरे यांसाठी ती पुरेशी आहे. ठिपक्यांच्या छटांचे छायाचित्रासारखे चित्र चार रंगांत छापण्याचा प्रयत्न मी केला आणि सोडून दिला, कारण उतारावर ताण बदलला की ठिपके सरकतात आणि छटा मळकट होते. अशा चित्रांसाठी सपाट फिल्मवर उलटे छापून उष्णतेने डेकवर उतरवण्याची पद्धत आहे आणि बहुतेक डेक-कारखान्यांनी तीच स्वीकारली आहे. तिच्यात वाकाचा प्रश्न रबरी रोलर सोडवतो. तरी थेट छापलेल्या शाईचा बोटाला लागणारा थर आणि भरीव रंगाची गडद झाक फिल्मला येत नाही, आणि मी या संचाकडे वळलो ते त्याच कारणाने.

टिकाऊपणाची एक तक्रार मात्र राहते. तेराव्या डेकनंतर टेलकडच्या दांडीवरून जाळी एका कोपऱ्यात सुटली. थिनरने स्क्रीन पुसताना तो दांडीवरच्या गोंदापर्यंत झिरपत होता, हे नंतर ध्यानात आले. विक्रेत्याने दांडी बदलून दिली, पण नवीन दांडीवरही गोंद तोच आहे. म्हणून आता पुसण्यापूर्वी मी त्या कडेवर रुंद चिकटपट्टी लावतो आणि कापड आधी पिळून घेतो.